झडती कोणावर होती?

पोळ्याच्या दिवशी आमच्या घरात सगळ्यात मोठा मान बैलांचा असायचा, त्याच्या खालोखाल पुरणाचा, आणि उरलासुरला बाबांचा. बाबांची त्याबद्दल काही तक्रार नव्हती. हिऱ्या आणि वजीर ही आमची जोडी त्यांनी स्वतः निवडून आणलेली. सकाळी नाल्यावर नेऊन धुणं, शिंगांना रंग, त्यावर बेगड, गळ्यात घुंगरांच्या माळा, अंगावर आरशांची झूल, असा साजशृंगार चालायचा आणि घरातल्या बायका मात्र आदल्या दिवशीच्याच लुगड्यात पाटा-वरवंट्याशी झटत असायच्या. पुरण वाटल्याचा घर्रघर्र आवाज आणि गोठ्यातल्या घुंगरांचा आवाज एकमेकांत मिसळले की मला अजूनही भूक लागते. डॉक्टरांनी पुरण बंद केलं आहे, पण आवाज बंद करायला त्यांना सुचलेलं नाही.

आमचं गाव मानोऱ्याहून कारंज्याला जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत. गावात दहावीपर्यंत शाळा होती आणि मी दहावीत होते. कागदावर माझं नाव कुसुम, पण घरात आणि गावात मी बेबीच. गावात बाबांचा एका गोष्टीत फार दबदबा होता. कोणाला बैल घ्यायचा असला की तो आधी आमच्या ओट्यावर यायचा. मग बाबा फेटा बांधून त्याच्याबरोबर बाजाराला जायचे, बैलाचे दात बघायचे, वशिंडावर हात फिरवायचे, त्याला चालवायचे, पळवायचे, मागून बघायचे, पुन्हा पुढून बघायचे, आणि एवढं झाल्यावर मान हलवून म्हणायचे, "नाई. डोया बरोबर नाई याचा." बैलाच्या डोळ्यात त्यांना काय दिसायचं ते बैलालाच ठाऊक. पण त्यांनी नको म्हटलेला बैल आमच्या गावात येत नसे.

हाच माणूस त्या वर्षी श्रावणात माझ्यासाठी स्थळ बघायला रिठदला गेला आणि दिवेलागणीला परत आला तो खूश होऊनच. हातपाय धुऊन चुलीपाशी बसले आणि मायला सांगू लागले. जमीन कशी काळीभोर आहे, विहिरीला पाणी किती वर आहे, बांधावर आंबे कसे आहेत. चहा म्हणे दुधाचा होता, नुसत्या दुधाचा. माय भाकरी थापता थापता ऐकत होती. सगळं ऐकून झाल्यावर तिनं विचारलं, "आन् पोरगा?"

"पोरगा खत आनाले गेल्ता."

"म्हंजे पाह्यलाच नाई?"

"आता एवढं वावर हाये त पोरगा असंनच ना!" बाबा म्हणाले. "मी हो म्हणून आलो. पोळा झाला का सुपारी फोडू, उन्हाळ्यात उरकून टाकू."

मी आतल्या खोलीत भूगोलाचं पुस्तक घेऊन बसले होते. त्या क्षणी मला राग आला की रडू, हे आज नीट सांगता येत नाही. दोन्ही आलं असावं. मला कारंज्याला कॉलेजात जायचं होतं आणि हे मी घरात कोणाला सांगितलेलं नव्हतं, कारण मला कोणी विचारलेलंच नव्हतं. आपणहून बापापुढं उभं राहून मला हे हवं, ते नको, असं म्हणण्याची आमच्याकडं रीत नव्हती. बाबा काही दुष्ट नव्हते. मारलेलं मला आठवत नाही, बाजारातून माझ्यासाठी न विसरता पेढा आणायचे. फक्त लोक काय म्हणतील, या एका विचारानं त्यांचं डोकं सदा व्यापलेलं असायचं, आणि दहावीनंतर पोरगी घरी बसली किंवा एसटीत बसली तर लोक काहीतरी म्हणतील याची त्यांना खात्री होती.

आता इथं झडतीबद्दल सांगायला हवं. आमच्याकडं पोळ्याला चार वाजल्यानंतर गावातले सगळे बैल मारुतीच्या देवळापुढं आणतात. दोन खांबांना आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं असतं, त्याखाली जोड्या रांगेनं उभ्या करतात. डफडं वाजत असतं. मग एकेक गडी पुढं येतो, कानावर हात ठेवतो आणि झडती म्हणतो. म्हणजे चार-सहा ओळींची जुळवलेली टिंगल. सरपंचाची, सावकाराची, मास्तरची, आळशाची, कंजुषाची, ज्याची असेल त्याची. शेवटी सगळ्यांनी हर हर महादेव म्हणायचं, डफड्यावर थाप पडायची आणि पुढची झडती. नियम दोनच होते. झडतीत कोणाचं नाव घ्यायचं नाही, नुसतं 'बुवा' म्हणायचं. आणि पोळ्याच्या दिवशी झडतीचा राग धरायचा नाही. वर्षभर ज्याच्यापुढं मान वर करता येत नाही त्याची त्या दिवशी सगळ्यांदेखत फिरकी घेता यायची, आणि त्यालाही तिथंच उभं राहून हसावं लागायचं.

आमच्या गावात झडती म्हणावी ती नामदेवकाकांनी. हे बाबांचे चुलतभाऊ, समोरच्याच घरात राहायचे. त्यांचा आवाज असा की वावरातून त्यांनी आपल्या गाईला हाक मारली तर शेजारच्या गावच्या गाई हंबरायच्या. पण जुळवणं त्यांच्या हातचं नव्हतं. जुळवायचे त्यांचे थोरले भाऊ. ते वारले आणि काकांचा आवाज तेवढा उरला. पुढच्या पोळ्याला त्यांनी जुन्याच झडत्या म्हटल्या तर पोरं ओरडली, "शिळी कढी, काका, शिळी कढी!" काका घरी येऊन जेवले नाहीत. मी तेव्हा सहावीत होते. दुसऱ्या दिवशी त्यांच्या अंगणात जाऊन मी भीत भीत म्हटलं, "काका, एक सुचली हाये, म्हणू?"

ती सरपंचाच्या नळावर होती. नळ बसला होता, हार घातला होता, पाण्याचा पत्ता नव्हता.

नळाले घातला हार बुवा, नारळ फोडला मोठा,
बाया म्हणते पानी काहाचं, इथं त नळच खोटा!

काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. तेव्हापासून दरवर्षी जुळवायचं मी आणि म्हणायचं काकांनी, असा आमचा गुपचूप कारभार सुरू झाला. तोरणाखाली पोरींना उभं राहू देत नसत. आम्ही मास्तरांच्या ओट्यावरून बघायचो. माझे शब्द काकांच्या तोंडून निघायचे आणि सगळं गाव हसायचं, तेव्हा मी ओट्यावर सगळ्यांपेक्षा कमी हसायचे, उगीच शंका नको म्हणून.

त्यात एक गोष्ट माझ्या ध्यानात आली होती. नळाची झडती झाली तेव्हा सरपंच पोट धरधरून हसत होते, आणि हसताना माजी सरपंचांकडं बघत होते. माजी सरपंच सरपंचांकडं बघत होते. मी काकांना म्हटलं, "काका, ज्याच्यावर असते त्याले समजतच नाई." काका म्हणाले, "नाव घेतलं असतं त समजलं असतं. मंग तो भांडला असता. आता निदान हासला त खरं." पुढं मी शाळेत मराठी शिकवली. 'या पाठातील उपहास स्पष्ट करा' असा प्रश्न किती वेळा काढला असेन. पोरं सुंदर उत्तरं लिहायची, समाजातील ढोंगावर लेखकाने बोट ठेवले आहे वगैरे, आणि उत्तरपत्रिका एकमेकांच्या बघून लिहायची. मीही हसून मार्क द्यायचे.

तर रिठदच्या स्थळानंतर तीन-चार दिवस मी धुमसत होते, आणि धुमसता धुमसता माझ्या डोक्यात ओळी जुळायला लागल्या. भाकरी थापताना दोन जुळल्या, आंबाडी निवडताना दोन. मी त्या मायला म्हणून दाखवल्या नव्हत्या, पण मी पुटपुटते हे तिला माहीत होतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदशेकणीला, बाबा गोठ्यात बैलांच्या खांद्यांना हळद आणि लोणी चोळत होते. चोळून झाल्यावर रिवाजाप्रमाणे हात जोडून बैलांना म्हणाले, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. दरवर्षी म्हणायचे, पण फार मनापासून म्हणायचे. हिऱ्याला एकदा, वजीरला एकदा. माय आणि मी ओसरीत हरभऱ्याची डाळ निवडत होतो. माय खाली मान घालून खडे वेचत म्हणाली, "हे पन टाक ना त्याच्यात."

"काहाच्यात?"

"तू जे जुयवून राह्यली त्याच्यात. बैलाले इचारते म्हणा, पोरीले कोन इचारते?"

एवढंच बोलली आणि सूप घेऊन आत गेली. मायचं लग्न झालं तेव्हा ती माझ्याहून लहान होती. तिनं तो दिवस कसा काढला असेल हे तेव्हा माझ्या मनातही आलं नाही. मी आपली यमक मिळालं या आनंदात होते.

सकाळी काका आमच्याकडं चहाला आले. बाबा नाल्यावर गेले होते. मी झडती म्हणून दाखवली. काकांनी बशीतला चहा तसाच धरून ठेवला.

"व बेबी, हे त तुह्या बापावर हाये."

"नाव कुठं हाये, काका?"

"नाव कायले पाह्यजे? गावात बैलाचे दात कोन पाहाते?" काका मायकडं बघू लागले. माय चुलीत फुंकर घालत होती, तिनं मान वर केली नाही. "त्यानं वयखलं त?"

"राग धरता येत नाई ना. पोया हाये."

"वरून नाई धरता येत. मनातला राग कोनाले दिसते?" काकांनी चहा संपवला, बशी पालथी घातली आणि उठले. "पाहू. तोंडात आली त म्हणतो."

तो दिवस मला फार लांब गेला. पुरण गोड झालं की नाही हे मायनं मला विचारलं आणि मी खारट म्हणून सांगितलं. काकांनी म्हटली नाही तर पोळ्यानंतर सुपारी फुटणार होती. म्हटली आणि बाबांना कळली तर सुपारी फुटणार होतीच, वर बाबा माझ्याशी बोलायचे बंद झाले असते. आपण हे काय करून बसलो, असं सारखं वाटत होतं.

चार वाजता बैल निघाले. हिऱ्या-वजीर असे सजले होते की बाबा त्यांच्यामागून चालताना नवरदेवाच्या बापासारखे दिसत होते. देवळापुढं गर्दी झाली. बाबांच्या शेजारी सखाराम उभा होता. हा आमच्या वावराचा शेजारी आणि बाबांचा जन्माचा प्रतिस्पर्धी. बाबांनी झूल घेतली की तो मोठी झूल घ्यायचा. मागच्याच वर्षी त्यानं आपल्या थोरल्या पोरीचं लग्न झटपट उरकलं होतं. झडत्या सुरू झाल्या. एकानं कंडक्टरवर म्हटली, एकानं दारूवर. काका पुढं आले, कानावर हात ठेवला, आणि एकदा मास्तरांच्या ओट्याकडं बघितलं.

बैल घ्याले गेला बुवा, दात पाह्यले चार,
चाल पाह्यली, वशिंड पाह्यलं, फिरला सारा बजार!
जवाई घ्याले गेला बुवा, पेला कप चहा,
वावर पाहून हो म्हणला, पोरगा मंग पाहा!
बैलाले म्हणे आवतन घ्या, हात जोडले दोन,
घरची पोर पुसते बाबा, मले इचारलं कोन?

मग असा हशा उसळला की बैल बिचकले. आणि त्या हशात सगळ्यात वरचा आवाज बाबांचा होता. बाबांची हसायची तऱ्हाच अशी, मांडीवर थाप मारत, डोळ्यांतून पाणी काढत. हसता हसता ते सखारामकडं बोट दाखवत होते. सखाराम बाबांकडं बोट दाखवत होता. दोघं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून इतके हसले की कोणाला वाटावं जुने दोस्त भेटले. मागं उभे असलेले आणखी चार-पाच बाप आपापल्या शेजाऱ्याकडं बघून हसत होते. मी ओट्यावर खांब धरून उभी होते. हसावं की रडावं ते कळेना. एवढा धीर करून मारलेला दगड पाण्यात पडला होता आणि साधा बुडबुडाही आला नव्हता.

मग सखारामनं डोळे पुसले आणि मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "मंग भाऊ, तू कवा चालला रिठदले? सुपारी फोडाले?"

डफडेवाल्याचा हात वरच राहिला. बाबांनी फेटा सारखा केला. आता त्यांच्या तोंडावरचं हसू उतरतंय की काय म्हणून मी बघत होते. पण ते छाती काढून म्हणाले, "मी काय त्या झडतीतल्या बुवासारखा हावो काय बे? मी पोरीले इचारीन. तिनं हो म्हणलं त हो, नाई म्हणलं त नाई. आन् शिकतो म्हणली त कारंज्याले पाठवीन. सांगून ठेवतो सगळ्याइले!"

"हर हर महादेव!" काका ओरडले. त्यांनी ते इतक्या घाईनं म्हटलं की बाबांना शब्द मागं घ्यायला जागाच उरली नाही. डफड्यावर थाप पडली, तोरण तुटलं, बैल घराकडं निघाले.

रात्रीच्या जेवणाला, म्हणजे दिवे लागल्या लागल्याच, बाबा झडती पुन्हा पुन्हा म्हणत होते आणि दर वेळी चुकत होते. "काय बसली पाह सख्यावर!" असं म्हणून पुरणपोळीवर तूप ओतून घेत होते. माय वाढता वाढता थांबली.

"तुमाले समजलं काय, कोनावर होती ते?"

"सख्यावर. दुसऱ्या कोनावर?"

मायनं आणखी एक पोळी त्यांच्या ताटात टाकली. थोड्या वेळानं बाबांनी घसा खाकरला. माझ्याकडं न बघता, वरणाच्या वाटीकडं बघत म्हणाले, "बोल व बेबी. तुले इचारून राह्यलो."

बैलांना आवतण देताना जे शब्द त्यांच्या तोंडात सहज येत, ते इथं काही केल्या येत नव्हते. माझीही तीच गत. जन्मात पहिल्यांदा कोणीतरी मला विचारत होतं. मी म्हटलं, "कढी वाढू का?"

माय माझ्या पाठीशी उभी होती. तिनं मागून माझ्या खांद्याला बोट टोचलं, अगदी जोरात. तेव्हा कुठं माझ्या तोंडून निघालं, "मले कारंज्याले शिकाले जाचं हाये."

"हं," बाबा म्हणाले. "वाढ मंग कढी."

रिठदला निरोप गेला. दहावी झाली, कारंज्याला राहायला खोली ठरली आणि मी एसटीत बसले. पहिल्या दिवशी बाबा फाट्यापर्यंत आले, खिडकीतून मला एक मनगटी घड्याळ दिलं आणि म्हणाले, "गाडी चुकवत नको जाऊ." लोकांनी काय म्हणायचं ते म्हटलंच असेल. पण बाबा आता आमच्या ओट्यावर बसून इतर बापांना सांगत असत, "पोरीले इचाराव लागते, भाऊ. जमाना बदलला." मला त्याची मनातल्या मनात गंमत वाटायची. बिचाऱ्या बाबांना कळलंच नाही, असं मी खोलीवरच्या मैत्रिणींना सांगायचे आणि आम्ही पोट दुखेपर्यंत हसायचो. माझं मत असं झालं होतं की आमच्या गावात हुशार अशी मी एकटीच.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी पोळ्याला घरी आले तेव्हा मी पुष्कळ सुधारलेली होते. 'मले' सोडून 'मला' म्हणायला लागले होते. मायला भाकरी थापताना हात कुठं धुवायचे ते सांगत होते, आणि बैलांना आवतण देणं ही कशी अंधश्रद्धा आहे यावर बाबांना गोठ्यात उभं राहून व्याख्यान दिलं. बाबा हळद चोळत ऐकत राहिले. "असंन," म्हणाले. त्या वर्षी सखारामची धाकटी पोरगी नली हीसुद्धा कारंज्याला जाऊ लागली होती, माझ्यामागं वर्षभर. तिच्याही हातात नवं घड्याळ होतं आणि ती फार मिरवते असं मला वाटायचं.

चार वाजता आम्ही मास्तरांच्या ओट्यावर उभ्या राहिलो. काकांना मी त्या वर्षी झडती दिली नव्हती. अभ्यास फार होता, असं सांगितलं होतं. खरं तर मला ते गावंढळ वाटायला लागलं होतं. काका पुढं आलेच नाहीत. त्यांच्याऐवजी, जन्मात कधी तोरणाखाली तोंड न उघडलेले माझे बाबा पुढं आले. फेटा सारखा केला, कानावर हात ठेवला. आवाज फाटका, चाल मोडकी.

कारंज्याहून आली मैना, मनगटी घड्याळ नवं,
दोन बुकं वाचली न् म्हणे, बापाले काय ठावं!
बाप बसला ओट्यावर, पेला कप चहा,
बैल कोन न् मालक कोन, तुमीच आता पाहा!

गाव खदाखदा हसलं. मीही हसले, मांडीवर थाप मारून, अगदी बाबांसारखी. हसता हसता मी नलीकडं बघितलं. ती माझ्याकडं बघून हसत होती. काय धीट पोरगी आहे, असं माझ्या मनात आलं.

आता गावात बैल थोडे उरलेत. तोरणाखाली ट्रॅक्टर धुऊन आणतात, त्यालाही माळ घालतात. झडत्या फोनवर येतात आणि जो तो हसून दुसऱ्याला पाठवून देतो. मीही पाठवते. पण त्या संध्याकाळनंतर पाठवण्याआधी मी एकदा नीट वाचून बघते.

त्या संध्याकाळी ताटं मांडली होती. मी म्हटलं, "बाबा, काय बसली नलीवर!" काका आमच्याकडंच जेवायला होते, ते एकाएकी वाटीत तोंड घालून खोकायला लागले. माय पोळीवर तूप ओतत होती. तिनं हात थांबवला.

"तुले समजलं काय, कोनावर होती ते?"

"नलीवर. दुसऱ्या कोणावर?"

मायनं आणखी एक पोळी माझ्या ताटात टाकली. मी एक घास घेतला. बाबांची ती मोडकी चाल माझ्या डोक्यात फिरत होती. पेला कप चहा. तुमीच आता पाहा. चहा आणि पाहा.

ते यमक माझं होतं.

मी मान वर केली. बाबा माझ्याकडंच बघत होते. किती वेळापासून बघत होते, आणि किती वर्षांपासून ओळखून होते, कोण जाणे. त्यांनी रिकामी वाटी माझ्यापुढं सरकवली.

"कढी वाढ, बेबी," म्हणाले.